‘तू कुठला?’ असं विचारता, मग उत्तर ऐका तरी!



पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

या ग्रुपवर गेम्सचा विषय निघाला की गाडी एकाच स्टेशनवर थांबते: किती तास? रोज एक तास द्यावा का, परीक्षेच्या आठवड्यात बंद करावं का, रात्री वाय-फाय काढून ठेवावं का. विचारायलाच हवं, नाही म्हणत नाही. पण त्या तासांत मुलं नक्की काय करतात, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. मी आज त्यावर लिहितेय. माझी दोन्ही मुलं खेळतात, मी स्वतःही खेळते, आणि आज मला जरा भांडायचं आहे. आधी गेम बनवणाऱ्यांशी, मग थोडं आपल्याशी.

मुद्दा एका वाक्यात सांगते. गेमने खेळणाऱ्याला ‘तू कुठला, कुणाचा, कसा वाढलास’ असं विचारलं, तर त्या उत्तराने पुढची गोष्ट बदललीच पाहिजे. बदलणार नसेल तर विचारू नका.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल-प्लेइंग गेम म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. या सगळ्या घराण्याचा मूळ पुरुष तोच. पुढे कॉम्प्युटरवर तसेच गेम आले. सुरुवातीला आपण एक कॅरेक्टर तयार करतो: नाव, चेहरा, केस आणि मग पार्श्वभूमी. हा सरदाराचा मुलगा की रस्त्यावर वाढलेला अनाथ? शिपाई होता की चोर? मुलं या पहिल्या पडद्यावर अर्धा-अर्धा तास घालवतात. आपल्याला वाटतं टाइमपास चाललाय. पण ती सोंग निवडत असतात, आणि अगदी मन लावून निवडत असतात. आता सोंग घेतलं की ते वठवावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बहुतेक गेम मात्र सोंग घ्यायला लावतात आणि वठवायची वेळच येऊ देत नाहीत.

ही फसवणूक तीन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा: स्टिकर. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला. प्रचंड गाजावाजा. सुरुवातीला तीन आयुष्यांपैकी एक निवडायचं: शहराबाहेरचा भटक्या, गल्लीत वाढलेला पोरगा किंवा बड्या कंपनीतला अधिकारी. ऐकायला झकास. तिघांची सुरुवात वेगळी आहे, आणि छान आहे. पण थोड्याच वेळात पडद्यावर झरझर चित्रं सरकतात, सहा महिने उलटतात, आणि तिघेही एकाच मित्राबरोबर, एकाच घरात, एकाच कामाला लागलेले. त्यानंतर अधूनमधून बोलताना एखादं जास्तीचं वाक्य मिळतं, एखादं छोटं मिशन मिळतं, बस्स. काल-परवापर्यंत कंपनीच्या काचेच्या मनोऱ्यात बसून लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त करणारा माणूस आणि वाळवंटात गाडी दुरुस्त करणारा माणूस, दोघांकडे हे शहर एकाच नजरेने बघतं. याला पार्श्वभूमी म्हणत नाहीत. हे बॅगेवर चिकटवलेलं स्टिकर झालं.

दुसरी तऱ्हा: आकडे. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये वर्षानुवर्षं असं होतं की एल्फ म्हणून जन्मलात की चपळाई वाढली, बुटक्यांच्या जमातीत जन्मलात की काटकपणा वाढला. म्हणजे कुंडलीच की! जन्मवेळ सांगा, गुण घेऊन जा. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात त्यांनी हे बदललं. हे वाढीव गुण आता जमातीमुळे मिळत नाहीत, तुम्ही आधी काय करत होतात, शेती, शिपाईगिरी की लेखनिकाचं काम, त्यावरून मिळतात. पार्श्वभूमी म्हणून असे सोळा पर्याय आहेत. रक्तापेक्षा जगण्याला महत्त्व दिलं, याबद्दल मी त्यांचं मनापासून कौतुक करते. पण शेवटी हातात पडतात ते आकडेच. पुढे त्या शेतकऱ्याला कुणी शेतकरी म्हणून वागवायचं की नाही, हे टेबलावर खेळ चालवणाऱ्या माणसाच्या मर्जीवर. टेबलावर ते चालतंही, कारण समोर जिवंत माणूस असतो आणि तो ऐकत असतो. कॉम्प्युटरमध्ये तो माणूस नसतो, त्यामुळे ऐकण्याची सोय आधीच लिहून ठेवावी लागते.

२०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ घ्या. गेम अप्रतिम आहे, वाद नाही. तिथे तुमची जमात आणि तुमचा पेशा लोक ओळखतात. ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारे एल्फ, अशा सोंगात तुम्ही गॉब्लिनांच्या तळावर गेलात तर पहारेकरी दबकून वाट सोडतात. मस्त! पण ज्या रकान्यावर ‘पार्श्वभूमी’ असंच लिहिलंय, तिथे मिळतात मुख्यतः दोन कौशल्यं, आणि त्या पार्श्वभूमीला शोभेल असं काही केलंत तर फासा पुन्हा टाकायची मुभा. रस्त्यावर उपाशी वाढलेलं पोर आणि हवेलीत वाढलेला सरदार यांच्यातला फरक एवढाच?

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात जास्त खटकते: सूट. २०११ चा ‘स्कायरिम’ तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांनी खेळला असेल. त्या जगात वंशभेद ठासून भरलाय. विंडहेल्म नावाच्या शहरात सरड्यासारख्या आर्गोनियन लोकांना तटबंदीच्या आत राहायची परवानगी नाही, ते बंदरावर राहतात. करड्या कातडीच्या एल्फांची वस्ती वेगळी आणि कळकट. मांजरासारखे खजीत व्यापारी गावाच्या वेशीबाहेर तंबू ठोकतात, त्यांना आत घेत नाहीत. आणि तुम्ही स्वतः खजीत म्हणून खेळलात तर? खुशाल आत जा. दुकानात जा, त्याच विंडहेल्ममध्ये घर घ्या, परक्यांना हाकला म्हणणाऱ्या बंडखोरांच्या सैन्यातसुद्धा भरती व्हा. ‘तू कशाला आलास आमच्यासाठी लढायला’ अशी एखादी कुरकुर होईल, तेवढीच. बाहेर तंबूत बसलेला तुमचा जातभाई मात्र बाहेरच.

बघा हं, यातून मुलाला काय शिकायला मिळतं: भेदभाव असतो, पण तो इतरांच्या बाबतीत. मी हुशार आहे, शूर आहे, म्हणून मला लागू नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य कुठे ऐकलंय का? पुढे येतेच त्यावर.

आता नीट कसं करतात ते सांगते, नाहीतर म्हणाल नुसती नावं ठेवते.

२००९ साली बायोवेअर कंपनीचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ आला. नावातच ओरिजिन्स. सहा सुरुवाती आहेत, आणि प्रत्येक नुसती वाचायची नाही, खेळायची आहे. एक सुरुवात शहरातल्या एल्फची. हे एल्फ एके काळी गुलाम होते, आता म्हणायला मुक्त आहेत, पण भिंतीआडच्या वेगळ्या वस्तीत राहतात. तुमच्या लग्नाचा दिवस असतो आणि सरदाराचा मुलगा येऊन वस्तीतल्या नवऱ्या मुलींना उचलून नेतो. तिथून गोष्ट सुरू. पुढे सैन्याच्या छावणीत पोहोचता, तर कोठाराचा माणूस तुम्हाला नोकर समजून दरडावतो. तुम्ही एल्फ आहात, म्हणजे नोकरच असणार! मनुष्य सरदार म्हणून खेळणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

खरी कमाल शेवटाकडे आहे. ती एल्फ वस्ती पुन्हा लागते. साथीच्या रोगावर उपचार करायच्या नावाखाली परदेशी व्यापारी लोकांना पकडून गुलाम म्हणून विकत असतात. हे मिशन सगळ्यांना आहे, कुठूनही सुरुवात केलेली असो. तेच बोळ, त्याच मारामाऱ्या, तेच पिंजरे. पण तुम्ही त्या वस्तीत जन्मलेले असाल, तर पिंजऱ्यातल्या माणसांत तुमचे वडील आहेत.

‘प्रत्येक पार्श्वभूमीसाठी वेगळा गेम बनवायचा तर खर्च किती येईल’ म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर. वेगळा गेम कुणी मागितलाय? रस्ता तोच ठेवा, फक्त एका पिंजऱ्यात बाप ठेवा. एकाला ते काम वाटेल, दुसऱ्याला ते घर वाटेल. खर्चाचं कारण अर्धं खरं आहे, हे मान्य. संवाद लिहायचे, कलाकारांकडून बोलून घ्यायचे, तपासायचे, या सगळ्याला पैसे पडतात. पण मग तीन खोट्या पार्श्वभूमी देण्याऐवजी एकच खरी द्या ना.

तशी एक दिलेलीही आहे. २०१८ चा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’, प्राग शहरातल्या लोकांनी बनवलेला, गोष्ट १४०३ सालच्या बोहेमियातली. तिथे निवड नाहीच. तुम्ही हेन्री, लोहाराचा मुलगा. लोहाराचा मुलगा म्हणून वाचता येत नाही. पुस्तक उघडलंत तर अक्षरांची नुसती खिचडी दिसते. एका गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं, सराव करावा लागतो, तेव्हा हळूहळू शब्द सरळ दिसू लागतात. आकडा इथेही आहे, पण तो डोळ्यांना जाणवतो. आपण कुठे जन्मलो त्यामुळे काय वाचता येत नाही, आणि ते मिळवायला काय करावं लागतं, हे आमच्या घरात कुठल्याही भाषणाने समजलं नसतं इतकं त्या खिचडीने समजलं.

‘पण मग स्वातंत्र्याचं काय? मुलं गेममध्ये जातात ती बाहेरच्या कटकटी विसरायला. तिथेही कुणी दार बंद करायचं का?’ असं माझ्याच लेकीने मला विचारलं, आणि प्रश्न वाजवी आहे. माझं म्हणणं असं की दार बंद करणं हा पार्श्वभूमीचा एक परिणाम झाला. दुसरं दार उघडणं, कुणीतरी ओळखणं, एखादी बोली समजणं, एखादी चोरवाट माहीत असणं, हेही परिणामच. रस्त्यावर वाढलेल्या पोराला दरबारात बोलता येऊ नये, पण शहरातली पाण्याची प्रत्येक मोरी ठाऊक असावी. सरदाराच्या मुलीला दरबारात खुर्ची मिळावी, पण बाजारात तिला सगळ्यांनी बिनदिक्कत लुटावं. ज्याला कटकटी नकोत त्याच्यासाठी पार्श्वभूमी न विचारणारे शेकडो गेम आहेत, त्यांनी ते खुशाल खेळावेत. विचारून मग न ऐकणं, एवढंच मला चालत नाही.

आणि उलट बाजूचा धोकाही सांगून टाकते. पार्श्वभूमी म्हणजे नशीब, असंही व्हायला नको. चोराच्या पोराला चोरीच करता यावी, असा गेम कुणी काढला तर त्यालाही मी शिव्या घालीन. कुठून आलास यावरून तुला वाट किती चढणीची आहे ते ठरावं. कुठे पोहोचायचं ते तू ठरवावंस.

आता आपल्याकडे वळते.

त्याच ड्रॅगन एजमध्ये जमिनीखाली बुटक्यांचं एक राज्य आहे, ऑरझामर. तिथे जाती आहेत. मी उपमा देत नाहीये, गेममध्ये शब्दच तो आहे. सरदार, योद्धे, लोहार, व्यापारी, नोकर, आणि सगळ्यांच्या खाली जातीबाहेरचे. या जातीबाहेरच्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण गोंदतात. हत्यार धरून मानाच्या आखाड्यात उतरायचा त्यांना हक्क नाही. त्यातलं एक कॅरेक्टर घेऊन खेळलात तर तुम्ही दुसऱ्याच्या चिलखतात लपून आखाड्यात उतरता, जिंकता, आणि जिंकलात म्हणूनच पकडले जाता.

पुढे त्या राज्याचा राजा कोण, हे तुम्हाला ठरवायचं असतं. एक उमेदवार सज्जन, जुन्या रीतीभाती पाळणारा. दुसरा कपटी, पण जातीचे निर्बंध सैल करणारा. परक्या माणसासाठी हा निव्वळ राजकारणाचा प्रश्न. सरदाराच्या घरातून आलात तर तो कपटी उमेदवार म्हणजे तुम्हाला खोट्या आरोपात अडकवणारा सख्खा भाऊ. जातीबाहेरचे असाल तर तोच माणूस तुमच्या बहिणीच्या मुलाचा बाप. प्रश्न एकच, उमेदवार तेच. कुठून आलात त्यावर सज्जन कोण ते बदलतं. मंडळी, जात म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात समजावणारी गोष्ट इथल्या मुलांच्या हाती दुसरीकडून क्वचितच पडते.

कारण आपल्याकडून तर ती पडत नाही. ‘इथे आलो, तिथलं तिथेच सोडलं’ हे आपलं आवडतं वाक्य. आणि तरी मंडळाच्या गणपतीत नवीन कुटुंब दिसलं की पहिला प्रश्न काय असतो? ‘आडनाव काय?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ आपण आडनावावरून अख्खा माणूस वाचतो, आणि मुलांना सांगतो की आम्ही असलं काही बघत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तशाच विधेयकावर रणं माजली, ते विधिमंडळात मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. त्या कायद्यांबद्दल तुमचं मत काहीही असो, प्रश्न अमेरिकेत पोहोचलाय एवढं तर नक्की. स्कायरिममधली ती सूट आठवतेय? भेदभाव असतो, पण मला लागू नाही.

बऱ्याच घरांत आई-बाबांची गोष्टही सायबरपंकसारखीच सांगितली जाते. सुरुवातीला डोंबिवली लोकलची गर्दी किंवा गावातली गळकी शाळा. मग झरझर चित्रं. आणि एकदम न्यू जर्सीचं घर, दारात दोन गाड्या. ‘कष्ट केले बाळा!’ केलेच असतील, प्रश्न नाही. पण मधली गोष्ट कुठे गेली? पहिली नोकरी कुणाच्या ओळखीने लागली, फी कुणाच्या जमिनीतून निघाली, पुण्यात खोली कुणाला आडनाव ऐकून लगेच मिळाली आणि कुणाला आडनाव ऐकूनच मिळाली नाही? हे सांगितलं तर आपले कष्ट कमी होत नाहीत. मुलाला फक्त इतकं कळतं, की वाट प्रत्येकाला सारखी चढणीची नसते.

आणि मुलांना हे कळायची निकड आपल्यापेक्षा जास्त आहे. शाळेत त्यांना विचारतात, ‘हो, पण मूळचा कुठला?’ सुट्टीत भारतात गेलं की तिथे ती ‘परदेशातली पाहुणी’. त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत आहे की कुठून आलात हे स्टिकर नसतं, लोक त्यावरून वागणूक ठरवतात. मग त्यांच्या खेळाने त्यांच्याशी खोटं का बोलावं?

काही पालक म्हणतात, गेममध्ये भारतीय कॅरेक्टर हवं, साडी हवी, मराठी नाव हवं. हवंच. पण नुसत्या साडीने भागत नाही, तेही स्टिकरच. २०२३ साली कॅनडातून ‘वेन्बा’ नावाचा छोटा गेम आला. रोल-प्लेइंग नाही, स्वयंपाकाचा आहे. तामिळनाडूतून कॅनडात गेलेलं एक कुटुंब, आणि आईकडून आलेली पाककृतींची वही, फाटलेली, डागाळलेली. पुसलेल्या पायऱ्या आपण ताडून इडली करायची. त्या घराची पार्श्वभूमी काढून टाकलीत तर खेळच उरत नाही. गेमला २०२४ मध्ये पदार्पणासाठीचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. मोठमोठ्या कंपन्यांना जे शेकडो माणसं लावून जमत नाही, ते त्या वहीने केलं.

एक व्यावहारिक सूचना. वर नाव घेतलेल्या मोठ्या व्हिडिओ गेम्सना अमेरिकेत एम, म्हणजे १७ वर्षांवरच्यांसाठी, असं मानांकन आहे. त्यात हिंसा आहे, आणि ड्रॅगन एजमधला तो लग्नाचा प्रसंग अंगावर येतो. लहानग्यांच्या हाती देऊ नका.

मोठी मुलं खेळत असतील तर मात्र ‘किती वेळ झाला?’ याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. तुझं कॅरेक्टर कुठून आलंय? त्यामुळे तिथले लोक तुझ्याशी वेगळं वागले का? ते दुसरीकडून आलं असतं तर काय अडलं असतं आणि काय सोपं झालं असतं? उत्तर ‘काहीच फरक पडला नाही’ असं आलं, तर तो गेम आळशी आहे, असं बिनधास्त सांगा. आणि मुलाने उलटून विचारलं, ‘आई, तुझं काय? तुला काय अडलं, काय सोपं झालं?’ तर झरझर चित्रं दाखवू नका. नीट बसून सांगा.

पटलं नसेल तर खाली लिहा, मी भांडायला आहेच. आणि घरात कुणी खेळणारं असेल तर ही पोस्ट त्यालाच वाचून दाखवा. माझ्या यादीतल्या निम्म्या गेम्सवर ते तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या.